उधारीच्या टाळ्या

१४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. २००४ साली त्या दिवशी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत लिमोजहून सँ-फ्लूरला जाणारा २३७ किलोमीटरचा चढउतारांचा टप्पा होता. चौतीस वर्षांचा रिशार विराँक मुख्य घोळक्यातून सटकला, दिवसभर पुढे राहिला, सोबत असलेल्या बेल्जियमच्या अक्सेल मर्क्सलाही त्याने अखेर मागे टाकले आणि एकट्याने शेवटची रेषा ओलांडली. राष्ट्रीय दिनी फ्रेंच विजेता म्हटल्यावर दुतर्फा उभ्या गर्दीला आनंद आवरेना. याच विराँकने चारच वर्षांपूर्वी लील शहरातल्या न्यायालयात उत्तेजके घेतल्याचे कबूल केले होते, आणि त्याआधी दोन वर्षे तो ते साफ नाकारत होता. गर्दीला हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. साऱ्या फ्रान्सला ते ठाऊक होते.

चौदा वर्षांनंतर, २०१८ च्या जुलैमध्ये, आल्प द्युएझच्या घाटात ख्रिस फ्रूम नावाचा ब्रिटिश सायकलपटू चढत होता. त्याच्या नावाने हुर्यो उडवली गेली, अंगावर थुंकण्याचे प्रकार झाले, एका प्रेक्षकाने हात उगारला. आदल्या वर्षीच्या व्हुएल्टा या स्पेनमधल्या शर्यतीत त्याच्या लघवीत साल्ब्युटामॉल हे दम्याचे औषध ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले होते. त्यावर अनेक महिने कीस पाडून झाल्यावर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, टूर सुरू होण्याच्या काही दिवस आधी नियमभंग झाला नसल्याचे सांगून प्रकरण मिटवले होते. त्या दिवशी टप्पा जिंकला तो फ्रूमच्याच संघातल्या जेरंट थॉमसने. त्याच्यावर कोणताही ठपका नव्हता, तरी एकूण आघाडीवर असलेल्याला मिळणारी पिवळी जर्सी घालून मंचावर उभे असताना त्यालाही तीच हुर्यो ऐकावी लागली.

कबुली देणारा डोक्यावर आणि सुटलेला धारेवर. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की एक गोष्ट उघड होते. रस्त्याकडेची गर्दी ज्याला डोपिंगचा निषेध समजते, तो पुष्कळदा डोपिंगचा निषेध नसतोच. विराँक आपला होता. तो रडायचा, हसायचा, वेड्या माणसासारखा दूरवरून मुसंडी मारायचा. घाटातल्या सर्वोत्तम सायकलपटूला मिळणारी लाल ठिपक्यांची जर्सी त्याने एकूण सात वेळा पटकावली. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतल्या ‘घाटाचा राजा’ या किताबाचे जे मोल बोरघाटात उभ्या राहणाऱ्यांना कळते, तेच त्या जर्सीचे फ्रेंच माणसाला. फ्रूम मात्र केनियात जन्मलेला ब्रिटिश, सर्वांत श्रीमंत संघांपैकी एकाचा नायक, चढावर हँडलवरच्या आकड्यांकडे बघत कोपरे फाकवून पॅडल मारणारा. त्याच्याविषयी संशय घ्यायला जागा होती, हे खरे. पण विराँकविषयी तर संशयही उरला नव्हता, खात्री होती. म्हणजे लोकांनी आधी आवडनिवड केली आणि मग तिला नीतीचा अंगरखा चढवला.

तेव्हा संशयाच्या सावलीतल्या खेळाडूसाठी ओरडावे की नाही, हा प्रश्न नीट मांडायला हवा. ओरडणे म्हणजे आपण नेमके काय देतो आहोत? एका चढावर एका माणसाने केलेल्या कष्टांना दाद देतो आहोत, की त्याच्या रक्ताच्या शुद्धतेची हमी देतो आहोत? या दोहोंत गल्लत झाली की भाबडेपणा तरी येतो नाहीतर कडवटपणा. दाद देणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे, आणि संशयाच्या काळातही तो सोडण्याचे कारण नाही. हमी देण्याचा अधिकार मात्र त्याला कधी नव्हताच. त्याच्या टाळ्या कुणी हमी म्हणून वापरू लागले, तर हात आवरायला हवेत.

संशय काही कालपरवाचा नाही. १९०३ मध्ये टूर सुरू झाली आणि १९०४ च्या दुसऱ्याच शर्यतीतले पहिले चौघे लबाडीबद्दल बाद झाले. विसाव्या वर्षात असलेल्या आंरी कोर्नेला विजेता घोषित करावे लागले. १९२४ मध्ये पेलिसिए बंधूंनी शर्यत सोडून कुतांस गावातल्या एका कॅफेत आल्बेर लोंद्र या पत्रकारापुढे आपल्या पिशव्या रिकाम्या केल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, शिवाय निरनिराळ्या गोळ्या. लपवाछपवी नाही, कबुलीजबाबाचा आव नाही. ही आमची मजुरी आणि हे तिचे इंधन, एवढाच सूर. इटलीचा लाडका फाउस्तो कोप्पी आणि पाच वेळा टूर जिंकणारा जाक आंकेतिल यांनीही या विषयावर कधी सोवळेपणा मिरवला नाही. फ्रान्सने १९६५ मध्ये उत्तेजकांविरुद्ध कायदा केला. पुढच्या वर्षी बोर्दोला टूरमधली पहिली तपासणी झाली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सायकलपटूंनी खाली उतरून सायकली हातात धरून चालत निषेध नोंदवला.

मग १३ जुलै १९६७ उजाडला. माँ व्हांतूच्या उघड्याबोडक्या माथ्याजवळ, भर उन्हात, टॉम सिम्प्सन हा २९ वर्षांचा ब्रिटिश सायकलपटू सायकलवरून कोसळला आणि मरण पावला. शरीरात अँफेटामाइन आणि मद्य सापडले. उष्णता, शुष्कता, चढ आणि थकवा जाणवू न देणारे औषध, असे सगळे एकत्र आले होते. तो जिथे पडला तिथे आज स्मारक आहे. हौशी सायकलस्वार तिथे थांबतात, पाण्याची बाटली नाहीतर टोपी ठेवतात. त्यांतला एकही जण उत्तेजकांचा समर्थक नसतो. स्मारकापुढे थांबणे आणि उत्तेजकांना नाही म्हणणे या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदतात, हे इथे पुरेसे दिसते.

नव्वदीच्या दशकात खेळ पालटला. अँफेटामाइन थकव्याची जाणीव दडपत असे. ईपीओ, म्हणजे एरिथ्रोपोएटिन, रक्तच बदलू लागले. हे मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक शरीराला तांबड्या पेशी वाढवायला सांगते. कृत्रिम ईपीओ मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी आले आणि सायकलपटूंच्या दंडात पोहोचले. तांबड्या पेशी जास्त म्हणजे स्नायूंना प्राणवायू जास्त, म्हणजे घाटात तोच वेग अधिक वेळ. ते ओळखण्याची चाचणी २००० च्या सिडनी ऑलिंपिकपर्यंत हाताशी नव्हती. म्हणून यूसीआयने १९९७ मध्ये अजब तडजोड केली: रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण, हेमॅटोक्रिट, ५० टक्क्यांच्या वर गेले तर ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ दोन आठवडे विश्रांती. चोरी पकडता येत नाही, तेव्हा पोत्याचे वजन ठरवून दिले.

‘सगळेच घेतात, मग सगळे समान’ असे म्हणणाऱ्यांनी या ५० टक्क्यांचा हिशेब एकदा करून पाहावा. ज्याचे नैसर्गिक प्रमाण ४१ आहे त्याला नऊ अंकांची मोकळीक मिळते. ज्याचे मुळातच ४८ आहे त्याला दोनच अंकांची. निसर्गाने ज्याला घाटासाठी घडवले तो मागे आणि औषधाला ज्याचे शरीर उत्तम दाद देते तो पुढे. शिवाय कुणाचा डॉक्टर अधिक निष्णात, कुणाच्या संघाकडे पैसा जास्त, कोण जीव धोक्यात घालायला अधिक तयार, हेही त्यात मिसळते. सर्रास परवानगी दिली तर शर्यत समान होत नाही, ती दुसऱ्याच गुणांची शर्यत होते. त्या शर्यतीसाठी घाटात उभे राहून घसा कोरडा करावा असे फारसे कुणाला वाटणार नाही.

१९९८ मध्ये हे सगळे उघड्यावर आले. टूर डब्लिनहून सुरू होणार होती. तीन दिवस आधी फेस्तिना संघाचा कर्मचारी विली व्होए बेल्जियम-फ्रान्स सीमेवर अडवला गेला आणि त्याच्या गाडीत ईपीओच्या दोनशेहून अधिक मात्रा, शिवाय वाढीची संप्रेरके आणि टेस्टोस्टेरॉन सापडले. संघ बाहेर काढला गेला. विराँक याच संघाचा. पोलिसांनी हॉटेलांवर छापे घातले, सायकलपटू रस्त्यावर बसून राहिले, काही संघ घरी गेले. पॅरिसला शंभराहून कमी जण पोहोचले. पिवळी जर्सी होती इटलीच्या मार्को पांतानीच्या अंगावर, आणि त्या उन्हाळ्यात त्यानेच सायकलिंग वाचवले अशी लोकांची भावना झाली.

पांतानीचे प्रकरण या विषयातले सर्वांत अवघड. छोटेखानी बांधा, मुंडण केलेले डोके, त्यावर बांधलेला रुमाल; घाट सुरू झाला की तो रुमाल भिरकावून देत हल्ला चढवायचा. ५ जून १९९९ च्या सकाळी मादोन्ना दी काम्पिल्योमध्ये, जीरो द’इतालिया ही इटलीची मोठी शर्यत जवळजवळ खिशात असताना, त्याचे हेमॅटोक्रिट ५२ भरले आणि त्याला स्पर्धेबाहेर काढले गेले. त्यातून तो सावरला नाही. १४ फेब्रुवारी २००४ ला रिमिनीच्या एका हॉटेलात तो कोकेनच्या अतिसेवनाने मेला, वय ३४. त्याच्या १९९८ च्या नमुन्यांत ईपीओ होते हे फ्रेंच सिनेटच्या २०१३ च्या अहवालातून जाहीर झाले. तरी जीरो दरवर्षी एका चढाला ‘पांतानीचा डोंगर’ म्हणून मान देते आणि चेसेनातिकोत त्याचे संग्रहालय आहे. इटालियन लोक डोळ्यांवर कातडे ओढून बसले आहेत असे म्हणणे सोपे आहे. पण त्यांनी मान दिला तो त्याच्या रक्ताला नव्हे. त्याच्या बेदरकार चढाईला, आणि सगळ्यांनी मिळून एकालाच बळीचा बकरा केले या टोचणीलाही. पांतानीवर प्रेम करण्याने कुणाचे तोंड बंद झाले नाही. त्याच्या नावाने कुणा साक्षीदारावर खटला भरला गेला नाही.

लान्स आर्मस्ट्राँगच्या बाबतीत नेमके हे दोन्ही झाले, आणि टाळ्यांचा खरा धोका तिथे दिसतो. १९९६ मध्ये कर्करोगाचे निदान, त्यातून बचाव, १९९९ पासून टूरची सलग सात विजेतेपदे. त्याच्या कर्करोगविरोधी मोहिमेच्या, मनगटात घालायच्या, २००४ मध्ये आलेल्या पिवळ्या रबरी कड्या आठ कोटींहून अधिक खपल्या. रुग्णालयातल्या माणसाला त्या कडीने धीर दिला असेल, तर तो धीर खोटा नव्हता. पण त्याच कडीची ढाल झाली. १९९९ च्या टूरमध्ये त्याच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड आढळले, तेव्हा खोगिराने झालेल्या जखमेवरच्या मलमाची चिठ्ठी मागची तारीख टाकून तयार झाली, असे त्याच्या संघाची मालिशकार एमा ओ’रायली हिने नंतर सांगितले. तिला कोर्टात खेचले, बदनाम केले. पत्रकार डेव्हिड वॉल्शने लिहिलेल्या मजकुरावरून लंडनच्या ‘संडे टाइम्स’ला २००६ मध्ये तडजोड म्हणून पैसे मोजावे लागले. प्रश्न विचारणारा कर्करोगाशी झुंजणाऱ्यांच्या आशेवर थुंकतो आहे, अशी हवा तयार केली गेली. २००५ मध्ये पॅरिसच्या मंचावरून त्याने, ज्यांचा चमत्कारांवर विश्वास नाही त्यांची आपल्याला कीव येते, अशा अर्थाचे निरोपाचे भाषण केले. २०१२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा अहवाल आला, यूसीआयने सातही विजेतेपदे काढून घेतली आणि त्या सात वर्षांच्या विजेत्यांच्या रकान्यात आज कुणाचेही नाव नाही.

त्या सात वर्षांत कोट्यवधी लोकांनी आर्मस्ट्राँगसाठी टाळ्या वाजवल्या. ते सगळे मूर्ख नव्हते आणि गुन्हेगार तर नव्हतेच. त्यांतल्या ज्यांनी टाळ्यांबरोबर प्रश्नकर्त्याला ‘मत्सरी’ म्हणून हुसकावले, त्यांच्याकडे मात्र बोट दाखवावेच लागेल. लबाडाला नुसते चाहते पुरत नाहीत, त्याला चौकीदार लागतात, आणि ते बहुधा चाहत्यांतूनच मिळतात.

क्रिस्तोफ बासाँची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरे होणार नाही. हा फेस्तिनाचाच सायकलपटू, पण सुई नाकारणारा. तो घेत नव्हता हे त्याच्या सहकाऱ्यांनीच पोलिसांना सांगितले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘श्रीयुत स्वच्छ’ असे नाव ठेवले. १९९९ च्या टूरमध्ये तो दुसऱ्या संघातून धावत होता आणि एका दैनिकात स्तंभ लिहीत होता. फेस्तिना प्रकरणानंतरची ही टूर ‘नवजीवनाची टूर’ म्हणून गाजवली जात होती. बासाँ लिहीत होता की वेग काही कमी झालेला नाही. आल्प द्युएझच्या टप्प्यात तो पुढे निसटायला गेला तर साऱ्या घोळक्याने त्याचा पाठलाग केला. आर्मस्ट्राँग शेजारी आला आणि असेच बोलायचे असेल तर घरी जा, असे त्याने सुनावले. घोळक्यात कुणी बोलेना, स्वतःच्या संघातही आधार मिळेना. काही दिवसांतच बासाँने स्पर्धा सोडली आणि दोन वर्षांनी व्यावसायिक सायकलिंगही सोडले. त्याच्यासाठी रस्त्याकडेला कुणी फलक धरल्याचे फारसे ऐकिवात नाही. सगळेच घेत होते म्हणून माफ करणारे लोक न घेणाऱ्याला विसरतात. चाहत्यांच्या हिशेबातली सर्वांत मोठी चूक इथे आहे; पांतानीवरच्या प्रेमात नाही.

मग पाहणेच बंद केले तर? जर्मनीने तो प्रयोग करून पाहिला आहे. १९९७ मध्ये यान उलरिशने टूर जिंकली तेव्हा तिथे सायकलिंगचा उन्माद होता. २००६ मध्ये स्पेनमधल्या एका डॉक्टरच्या रक्तपेढीचा छडा लागला, उलरिश टूरच्या तोंडावर घरी पाठवला गेला, पुढच्या वर्षी जुन्या सायकलपटूंनी एकामागून एक कबुल्या दिल्या. २००७ च्या टूरमध्ये एक जर्मन सायकलपटू चाचणीत दोषी आढळल्याचे कळताच एआरडी आणि झेडडीएफ या दोन्ही सार्वजनिक वाहिन्यांनी थेट प्रक्षेपण अर्ध्यात थांबवले. प्रायोजक पांगले, २००८ नंतर देशातली सर्वांत मोठी टप्प्यांची शर्यत नऊ वर्षे झालीच नाही. आणि या काळात मार्सेल किटेल, टोनी मार्टिन, जॉन डेगेनकोल्ब ही नवी पिढी बाहेर शर्यतींमागून शर्यती जिंकत होती, उत्तेजकांविरुद्ध उघड बोलत होती. घरी मात्र त्यांच्याकडे पाहायला कुणी नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. एआरडी २०१५ मध्ये टूरकडे परतली. बहिष्काराचा काहीच उपयोग झाला नाही असे नाही. प्रायोजक हात काढून घेऊ शकतात या भीतीने संघमालक सावध झाले, आणि ती भीती हवीच. पण बहिष्काराची काठी ज्याच्या पाठीत बसते तो क्वचितच पूर्वीचा लबाड असतो. तो तर निवृत्त होऊन समालोचन करत असतो.

खरी अडचण काळाची आहे. नमुने आता दहा वर्षे जपून ठेवता येतात, नवी चाचणी निघाली की पुन्हा तपासता येतात. म्हणजे जुलैत पॅरिसला हात उंचावणारा विजेता हा तूर्तास विजेता असतो आणि प्रेक्षक टाळ्या उधारीवर देत असतो. कधी ती वसूल होते, कधी बुडते. २००६ ची टूर फ्लॉइड लँडिसने जिंकली. टेस्टोस्टेरॉन सापडले आणि ऑस्कर पेरेइरोला पिवळी जर्सी मिळाली ती २००७ च्या ऑक्टोबरात, माद्रिदच्या एका समारंभात. २०१० मध्ये आंदी श्लेकची साखळी पोर्त द बालेसच्या चढावर निसटली, आल्बेर्तो काँतादोर पुढे निघून गेला आणि त्या दिवशी त्याने ३९ सेकंद कमावले. अंतिम विजयही ३९ सेकंदांचाच होता. पुढे काँतादोरच्या नमुन्यातल्या क्लेनब्युटेरॉलवरून दीड वर्ष वाद चालला, २०१२ मध्ये विजेतेपद गेले आणि श्लेकला त्याच्याच लक्झेंबर्गमध्ये जर्सी देण्यात आली. वरातीमागून घोडे. पॅरिसच्या शाँझेलिझेवरचा तो एक रविवार कुणीही त्याला परत देऊ शकले नाही.

संशयाची दुसरी बाजूही तितकीच जाचक आहे. आपण घेत नाही हे सिद्ध कसे करणार? आर्मस्ट्राँग शेकडो चाचण्यांचा दाखला देत असे, त्यामुळे ‘मी चाचणीत कधी दोषी आढळलो नाही’ या वाक्याची किंमत कायमची उतरली. २००८ पासूनची जैविक पारपत्राची पद्धत एका नमुन्यावर विसंबत नाही. वर्षानुवर्षांच्या रक्ताच्या नोंदींतली विसंगती शोधते. त्यामुळे मोठी ढवळाढवळ अवघड झाली, अगदी बारीक मात्रांची मात्र पुरती थांबली असे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. २०१५ च्या टूरमध्ये एका प्रेक्षकाने आपल्या अंगावर लघवीचा पेला रिकामा केल्याचे फ्रूमने सांगितले. त्या वर्षाअखेर त्याने प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचे आकडे प्रसिद्ध केले. ज्यांना विश्वास होता त्यांचा वाढला, ज्यांना नव्हता त्यांनी त्याच आकड्यांत नवे कारण शोधले. फ्रूमचा संघ स्वच्छतेची जाहिरात करत आला होता. पण २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने, औषधांसाठीच्या वैद्यकीय सवलती कामगिरी वाढवण्यासाठी वापरून नीतीची रेषा ओलांडली, असा ठपका त्यावर ठेवला. नियम मोडला नाही आणि नीती पाळली नाही, यांच्यामधली जी पट्टी आहे तिथेच आजच्या बहुतेक शंका राहतात.

तादेइ पोगाचार हा सायकलपटू सध्या त्या पट्टीवरून सर्वांत वेगाने जातो आहे. १४ जुलै २०२४ ला प्लातो द बेच्या घाटात प्रतिस्पर्धी योनास व्हिंगेगोरशी झुंजत त्याने जो वेग गाठला त्याने पांतानीची १९९८ ची वेळ तीन मिनिटांहून अधिक फरकाने मागे पडली. ईपीओच्या ऐन बहरातल्या माणसापेक्षा तीन मिनिटे! भुवया उंचावणारच, आणि उंचावणाऱ्याला मत्सरी म्हणता येणार नाही. दुसऱ्या पारड्यातही बरेच आहे: कमी घर्षणाची टायर, वारा कापणारी सायकल आणि कपडे, तासाला शंभर ग्रॅमहून अधिक कर्बोदके पचवायला शिकवलेली पोटे, उंचावरच्या सरावाचे महिने, आणि त्या दिवशी घाटाच्या पायथ्यापासून व्हिंगेगोरच्या संघाने ठेवलेला निर्दय वेग. यांतून तीन मिनिटे निघतात की नाही यावर जाणकारांत एकमत नाही. पोगाचारच्या संघाचा प्रमुख माउरो जानेत्ती हा २००८ मध्ये ज्या सोनिए दुव्हाल संघाचा प्रमुख होता, तो संघ आपला सायकलपटू रिकार्दो रिक्को चाचणीत दोषी आढळल्यावर टूरमधून बाहेर पडला होता. हा पुरावा नाही. पण ही माहिती सांगितली म्हणून कुणी चाहता चिडत असेल, तर त्याने आपल्या चिडण्याकडे थोडे पाहावे.

कार्बन मोनॉक्साइडचा मामला तर नमुन्यादाखल पाहण्यासारखा. रक्तातले एकूण हिमोग्लोबिन मोजण्यासाठी हा वायू मोजक्या प्रमाणात हुंगतात. २०२४ मध्ये उघड झाले की पोगाचार आणि व्हिंगेगोर या दोघांचे संघ हे यंत्र वापरतात. मोजण्यासाठीच वापरतो, असे त्यांनी सांगितले. पण तोच वायू वारंवार हुंगला तर शरीर तांबड्या पेशी वाढवते. २०२५ च्या फेब्रुवारीत यूसीआयने वैद्यकीय केंद्राबाहेरच्या वापरावर आणि वारंवार वापरावर बंदी घातली. हे घडले ते पत्रकारांनी विचारले म्हणून. चाहते म्हणवणाऱ्यांनी त्या पत्रकारांचे आभार मानायला हवे होते. बऱ्याच जणांनी त्यांना खेळाचे शत्रू ठरवले.

भारतातून रात्री नऊच्या सुमारास टप्प्याचा शेवट पाहणाऱ्याला एक सोय आहे. टूरमध्ये त्याचा देशबांधव नसतो, त्यामुळे निःपक्षपाती राहणे निदान कागदावर सोपे. प्रत्यक्षात दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्याचाही एक लाडका ठरतो आणि दुसऱ्याचे पाप त्याला दुर्बिणीतून दिसू लागते. आपल्या घरचा हिशेब तर त्याहून वाईट. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीत, भरपूर नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये उत्तेजके आढळलेल्या नमुन्यांचे प्रमाण भारतात सर्वाधिक होते: ५,६०६ पैकी २१३. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत तपासणी अधिकारी आल्याची कुणकुण लागताच खेळाडू गायब झाले आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच जण धावला. यावर आपल्याकडे चार दिवस विनोद झाले, इतकेच.

प्रेक्षकाकडून मागावे ते फार थोडे आहे. आवडत्या खेळाडूबद्दल विचारलेला प्रश्न ऐकून घ्यावा, नावडत्यावरच्या आरोपाला तोच पुरावा मागावा, थुंकू नये, आणि पंचविसाव्या क्रमांकावर येणाऱ्यांचीही नावे लक्षात ठेवावीत, कारण लबाडीत सर्वांत जास्त गमावले ते त्यांनीच. बाकी घाटात उभे राहून ओरडायला हरकत नाही. टूरला तिकीट नसते. रस्त्याकडेला सकाळपासून बसलेले लाखो लोक हीच तिची खरी संपत्ती आहे, आणि ते प्रायोजकांपासून पत्रकारांपर्यंत सगळ्यांना दिसतात. त्यांनी काय खपवून घेतले हेही दिसते.

बासाँचे पुढे काय झाले? तो फ्रान्सच्या क्रीडा खात्यात उत्तेजकविरोधी कामावर रुजू झाला आणि हौसेने डोंगरी सायकल चालवत राहिला. २०१२ मध्ये, ज्या वर्षी आर्मस्ट्राँगची विजेतेपदे गेली त्याच वर्षी, एका राष्ट्रीय शर्यतीतून थकून मध्येच बाहेर पडल्यावर तो तपासणीला हजर राहिला नाही. आपले नाव निवडले गेल्याचे वेळेत कळले नाही, असे त्याचे म्हणणे होते. फ्रेंच महासंघाने नियमावर बोट ठेवून ‘श्रीयुत स्वच्छ’ला एक वर्षाची बंदी घातली. अपिलात ती एका महिन्यावर आली.